एकच तारा देणारे काका

आमच्या शेजारच्या काकांइतक्या निष्ठेने एखाद्या गोष्टीला नावं ठेवणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा सापडायचा नाही. ती गोष्ट म्हणजे एक फ्रेंच विनोदी मालिका. तिला शेंडा ना बुडखा. त्यात एक माणूस पाठीवर दार बांधून हिंडतो आणि काही बोलायचं असलं की आधी त्यावर टकटक करतो. एक कुटुंब तळ्यात टेबल मांडून जेवतं आणि त्यांची तक्रार काय, तर सूप गार झालं. जन्मभर पुलांची डिझाइनं तपासून निवृत्त झालेल्या काकांनी हिचे चारही सीझन पाहिले, प्रत्येक भाग दोनदा पाहिला, आणि दर भागानंतर प्रेक्षकांच्या मतांच्या वेबसाइटवर स्वतःच्या संपूर्ण नावाने, पुढे डिग्री लावून, पाचपैकी एक तारा दिला. तळ्यातल्या टेबलाबद्दल त्यांचं मत असं, की चिखलात पाय रुतणार, फाउंडेशन कुठेच दाखवलेलं नाही. दाराच्या बिजागऱ्या तर चक्क चुकीच्या बाजूला. आमच्या नेपरव्हिल गावच्या थंडीत आम्ही ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत असलो की हे मधेच फावडं टेकवून मला थांबवायचे. "तू पण इंजिनिअर ना रे? मग सांग, कालच्या भागात ऑफिसातल्या बकरीला प्रमोशन दिलं, ते कुठल्या ग्रेडवर?" एवढा त्रास होतो तर सबस्क्रिप्शन कॅन्सल करा, असं मी एकदा सुचवलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

काकूंना या प्रकरणाचा गंध नसावा असं मी धरून चाललो होतो. काका तळघरात मालिका बघायचे, काकू वरच्या खोलीत टॅबलेटवर रेसिपी बघायच्या. जेवायला वाढलंय आणि गोळी घेतलीत का, यापलीकडे दोघांत बोलणं उरलं नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

वेबसाइटवर मात्र काकांना तोडीस तोड वैरी भेटला होता. टोपणनाव 'लाल छत्री'. काकांनी तारा दिला की तासाभरात छत्रीचं उत्तर हजर. "वरच्या गृहस्थांना बिजागऱ्या दिसल्या, दार वाहणारा माणूस दिसला नाही." हे मला मोबाइलवर वाचून दाखवताना काका संतापलेले असायचे आणि लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे खूशही. एकदा मी ती सगळी उत्तरं सलग वाचली. छत्री बाकी प्रेक्षकांना नावाने उत्तर देत होती. काका मात्र कधी 'वरचे गृहस्थ', कधी 'पुलांचे तज्ज्ञ', तर कधी नुसतेच 'ते'. माझी आई बाबांचं नाव घ्यायचं असंच टाळायची. मी हळूच काकूंच्या वरच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं आणि मला हसू आवरेना.

काकांना सांगावं की नाही, या पेचात मी आठवडा काढला. तेवढ्यात हा सीझन शेवटचा असल्याचं जाहीर झालं. मी म्हटलं, सुटलात की काका.

"सुटतोय कसला," काका फावड्याकडे बघत म्हणाले. "चव्वेचाळीस वर्षांत जिने माझं नाव घेतलं नाही, ती तिथे तरी कशी घेईल? मी पहिल्याच दिवशी ओळखलं. पण पाच तारे दिले असते तर तिने उत्तर काय दिलं असतं? आता हे संपल्यावर आम्ही बोलायचं कशावर, ते सांग."

मी उपसलेलाच बर्फ पुन्हा उपसू लागलो.

शेवटचा भाग रविवारी दुपारी लागला. मीही पाहिला. त्या माणसाने पाठीवरचं दार उतरवून जमिनीवर उभं केलं, उघडलं आणि पलीकडे गेला. बस्स. थोड्या वेळाने काकांचं मत आलं. पाच तारे! 'एकही विनोद कळला नाही. बिजागऱ्यांची तक्रार मागे घेतो.' तास गेला, दीड तास गेला, छत्री गप्प. मी वेड्यासारखा ते पान पुन्हा पुन्हा उघडत होतो. अंधार पडता पडता उत्तर आलं. पहिला शब्द काकांचं नाव. आडनाव नाही, डिग्री नाही, नुसतं नाव. आणि पुढे, इंग्रजीत असूनही मला मराठीतच ऐकू आलेलं: "वर या. चहा टाकलाय."

हल्ली काका फावडं टेकवून मला थांबवत नाहीत. भराभर बर्फ उपसतात आणि घरात पळतात. खरं सांगायचं तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्या चहाच्या ओळीखाली 'हे मत उपयोगी वाटलं' अशी खूण आजवर अकरा जणांनी केली आहे. त्यातले दहा कोण, कुठले, देव जाणे. अकरावा मी.