चढावरचा आडोसा

आमच्या थोरल्या साडूंइतका मानाला जपणारा माणूस अख्ख्या जिंतूर तालुक्यात नसेल. सासरवाडीच्या पंगतीत पहिला पाट त्यांचा. एकदा चुकून मी त्यावर बसलो, तर "भूक न्हाई मला" म्हणत ते तासभर ओसरीत पेपर वाचत बसले, तोही आदल्या दिवशीचा. पण सायकलवर बसले की हाच माणूस कुणाच्या तरी मागेच राहायचा. "पुढचा वारा फोडतो, मागचा फुकटात पुढं जातो," हे त्यांचं शास्त्र. माणसं ते पाठीवरून जोखत. एका लग्नात धिप्पाड व्याह्यांना त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सायकल येती का हो तुमाला?"

दर रविवारी आम्ही दोघं येलदरीच्या धरणापर्यंत उतरायचो आणि चढ चढून परत यायचो. साडू पासष्टीचे. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, बजावलं होतं, "ज्या दिशी चढाला पाय टेकताल, त्या दिशी सायकल बंद. दम लागायलाय, दिसत न्हाई का मला?" साडूंनी तसा शब्द दिला होता. तेव्हापासून त्यांची सायकल माझ्या पाठीवर टिकून होती.

"पाव्हणं, हळू घ्या! आडोसा सुटायलाय!"

"वारा कुठंय आज?"

"तुमी पुढं हायेत, म्हणून लागंना."

सपाट रस्त्यावर मला त्यांचं पटे. मागे राहिलं की पायांना खरंच आराम मिळतो. पण चढावर आपला वेग तो किती! तिथं वारा फारसा अडवत नाही, आपलंच वजन अडवतं. म्हणून वारा पडलेल्या दोन सकाळी मी घड्याळ लावलं. एकटे चढले तेव्हा त्यांना अठरा मिनिटं लागली, माझ्यामागे सतरा. हे मिनिट माझ्या हिशेबात बसेना.

"वजन तर तुमचं तुमीच वर नेलंत. मग आडोसा कशाचा?"

"ते तुमी मोजत बसा. मला पाठ दिसली की बस."

शेवटच्या वळणावर मात्र ते घंटी वाजवत. मग मी हळू व्हायचं आणि त्यांनी पुढे जायचं. माथ्यावर थोरला जावईच आधी पोचला पाहिजे. वर टपरीपाशी चहा सांगून ते म्हणत, "लय उशीर केलात पाव्हणं."

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी मी वळणावर हळू झालो, पण घंटी वाजली नाही. मागे पाहिलं तर साडू खाली एक पाय टेकून उभे. मी सायकल वळवू लागलो, तशी त्यांनी हातानंच थांबवलं.

"व्हा पुढं. आज मान तुमचा."

"अक्कांना कोण सांगतंय?"

"मी सांगणार की. शब्द दिलाय तिला."

आता ती सायकल त्यांच्या अंगणात उभी असते. तिच्या हँडलला अक्का चक्क्याचं फडकं टांगतात. चढ मी एकटाच चढतो, आणि सतराऐवजी मला अठरा मिनिटं लागतात. शेवटच्या वळणापर्यंत माझ्यापुढे तर कधीच कुणी नव्हतं. शेवटच्या वळणावर मी हळू होतो, हे खरं. पण तसा तर मी तेव्हाही होत होतो.