नाहामधली ती खानावळ

निशिकांत सबनीस सिंगापूरच्या एका बँकेत अकाउंट्स बघायचे, पण इथल्या मराठी मंडळींत त्यांची खरी ओळख तबलजी म्हणून. क्वीन्सटाउनच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रविवारी गाणं ठरलेलंच असायचं. २००४ साली एका सकाळी ते उठले, तेव्हा उजवा कान पूर्ण बंद झाला होता आणि डाव्या कानालाही सूर नीट कळेना. नस गेली, आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तरी गणपतीत ते साथीला बसले. गाणाऱ्या बाईंनी पहिल्या ओळीतच थांबून त्यांच्याकडे पाहिलं. तबला उतरलेला होता आणि ते त्यांना कळलंच नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी तबला-डग्ग्यावर गवसणी चढवली ती चढवलीच. रविवारची मंडळीही हळूहळू यायची थांबली.

तीन वर्षांनी त्यांची पत्नी साधना हट्टाने त्यांना जपानला घेऊन गेली. टोकियोचा गोंगाट त्यांना सोसला नसता, म्हणून तिने ओकिनावा निवडलं. नाहा शहरात किल्ला पाहून झाला, समुद्र पाहून झाला. मग बाजारामागच्या गल्लीत तिला एक दुकान दिसलं. आत एक माणूस सापाच्या कातड्याने मढवलेली तीन तारांची वाद्यं बनवत बसला होता. सानशिन म्हणतात त्या वाद्याला. "हे ऐकायला कुठे मिळेल?" असं तिने खाणाखुणा करून विचारलं. तो उठला आणि कोपऱ्यावरच्या खानावळीपर्यंत स्वतः सोडायला आला.

संध्याकाळी दोघं तिथे जेवायला गेली. जेमतेम पाच-सहा टेबलं, आणि एका चौथऱ्यावर सानशिन घेऊन बसलेल्या सत्तरीच्या गायिकाबाई. त्यांच्या मुलीने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात लाकडाच्या तीन पट्ट्या दिल्या. दोऱ्यात ओवलेल्या, आपल्या चिपळ्यांसारख्या वाजणाऱ्या. निशिकांतनी त्या बाजूला सारल्या.

"मला नको. बेताल वाजेल."

"अहो, इथे तुम्हाला कोण ओळखतंय?" साधना म्हणाली.

शेजारच्या टेबलावरचा एक कोळी तर भलत्याच मात्रेवर पट्ट्या वाजवत होता. बाई हसल्या आणि त्याच्यासाठी गाणं थोडं संथ करून पुढे गायल्या. दोन गाण्यांच्या मधे त्यांनी वाद्य मुलीकडे दिलं. तिने कान लावून तारा जुळवल्या आणि परत आईच्या हातात दिलं.

निशिकांतनी मुलीला इंग्रजीत विचारलं, "आई स्वतः का नाही लावत?"

"तिला आता नीट ऐकू येत नाही," ती सहज म्हणाली. "सूर मी लावते. वाजवते ती."

मग त्यांनी पट्ट्या उचलल्या. आधी चुकले, दोनदा गळाल्या, मग बोटांना लय सापडली. शेवटच्या गाण्याला सगळे हात वर करून नाचायला उठले, तेव्हा निशिकांतही उठले. घामाघूम होऊन ते खुर्चीवर परतले, तेव्हा साधना डोळे पुसत होती.

"काय झालं?"

"काही नाही. जेवा आता, गार झालंय."

सिंगापूरला परतल्यावर त्यांनी ओळखीतल्या अनघाला फोन केला. ती सेंगकांग भागात राहायची आणि तिथल्या लहान मुलांना मराठी गाणी शिकवायची. ठेका धरायला कुणीतरी हवं, असं ती कधीपासून म्हणत होती.

"मी येतो," ते म्हणाले. "पण तबला तुला लावून द्यावा लागेल. मला सूर कळत नाही आता."

असं तोंडाने म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"काका, मला हातोडी कुठे मारायची तेसुद्धा माहीत नाही!"

"ते मी दाखवतो. तू फक्त ऐक."

पुढच्या शनिवारी अनघाच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सतरंजी पसरली गेली. अनघा कान देऊन ऐकत होती, "अजून थोडा चढवा," म्हणत होती, आणि ते हातोडीने ठोकत होते. समोर बसलेली पोरं कंटाळली.

"अंकल, स्टार्ट लाह!" एक चिमुरडी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

निशिकांतनी केरव्याचा ठेका धरला. पोरांच्या टाळ्या वाटेल तिथे पडत होत्या. त्यांनी लय जराशी सैल केली आणि मुलांना बरोबर घेतलं.