कीर्तनकार वकील

वकिलाकडे गेलं की आपण फक्त सही करायची असते, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. वकील बोट ठेवतो, 'इथं, इथं आणि इथं' म्हणतो, आपण तीनदा नाव खरडतो आणि सुटलो म्हणून चहा प्यायला जातो. अकोल्याच्या कोर्टाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकच वकील असे होते, जे सहीआधी अख्खा कागद मोठ्यानं वाचायला लावत. पक्षकाराला वाचता येत नसेल तर स्वतः वाचत, तेही असं खणखणीत की शेजारच्या चार टेबलांवरचे टंकलेखक हात थांबवून ऐकत. म्हणून त्यांचं नाव पडलं होतं कीर्तनकार.

नुसतं वाचून सुटका नसे. एक परिच्छेद झाला की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "समजलं का?" माणूस सवयीनं 'हो' म्हणे. कोर्टात आपण सगळेच सगळ्याला 'हो' म्हणतो. त्यावर ते म्हणत, "मंग सांगा बरं मले, काय समजलं?" इथं भल्याभल्यांची बोबडी वळे. एकदा एक घरमालक आणि भाडेकरू हसतखेळत करार करायला आले. चौथ्या कलमापर्यंत वाचून होईतो दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि करार राहिला तो राहिलाच. राजीखुशीनं घटस्फोट घ्यायला आलेल्या एका जोडप्यानं अर्ज वाचायला तीन तास लावले. मध्ये दोघं हसली, मध्ये रडली, बाहेर जाऊन भजी खाऊन आली, आणि मग शांतपणे सह्या करून दोन दिशांना गेली. कीर्तनकारांना त्याचंही काही वाटलं नाही. "आता त्याइले मालूम हाय, कायले सही केली ते," एवढंच म्हणाले.

धंद्याच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा होता. जिथं इतर वकील दहा कागद उरकत, तिथं यांचा एक होई, आणि तोही मोडण्याची शक्यता जास्त. बाकीचे वकील त्यांची यथेच्छ टिंगल करत. त्यांचा काळा कोट धुऊन धुऊन विटकरी झाला होता. त्याबद्दल कुणी बोललं तर ते म्हणत, "कोटाले काय पाहता, कागद पाहा नं."

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती निव्वळ अपघातानं. बाबा गेल्यावर तेल्हाऱ्याची आमची झेंडूची आणि मेथीची वाडी दादाच्या एकट्याच्या नावावर करायची होती. त्यासाठी मी हक्कसोड पत्रावर सही करायची होती. आमच्याकडे बहिणी ही सही करतातच. भाऊ साडी घेतो, वहिनी पुरणाचं जेवण घालते आणि विषय संपतो. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही, हे कुणी बोलत नाही पण सगळ्यांना पाठ असतं. मीही शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दादानं घेतलेली साडी नेसून, अगदी तयारीनं गेले होते. आमचा नेहमीचा वकील नेमका लग्नाला परतवाड्याला गेलेला. नोंदणी कार्यालयातली आमची वेळ दुपारची. कागद टाइप होऊन पडला होता, कुणातरी वकिलाची सही हवी होती आणि रिकामे बसलेले दिसले ते कीर्तनकार. दादा म्हणाला, "पाच मिन्टाचं काम हाय, वकीलसाहेब."

कीर्तनकारांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "वाचा ताई. मोठ्यानं."

मी वर्गात धडा वाचावा तशी वाचू लागले. 'सदर मिळकतीवरील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी माझे बंधूंचे लाभात कायमचा सोडून देत आहे.'

"समजलं का?"

"हो."

"मंग सांगा, काय समजलं?"

मी म्हणाले, "म्हणजे बाबांची वाडी आता माझी नाही." हे मी तोवर मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. पहाटे आईबरोबर ज्या बांधालगत मी झेंडू तोडला होता, तो बांध माझ्याच तोंडून माझा नाहीसा झाला.

दादा घाईनं म्हणाला, "अवं, तू केव्हाबी ये नं. तुले कोन अडोते?"

"कागदात तसं लिहेल नाही," कीर्तनकार म्हणाले. "पुढं वाचा, ताई."

पुढे होतं, 'हे पत्र मी राजीखुशीने, कोणाचेही दडपणाखाली न येता...' तिथं माझा आवाज बसला. तिसरीच्या पोरांवर ओरडणारा माझा आवाज, पण तो काही केल्या फुटेना.  कीर्तनकारांनी कागद घडी घालून दादाला परत दिला. "राजीखुशी आली म्हंजे या."

दादा संतापला. "तुमी वकील आहा का भांडनं लावनारे?"

"मी कायचं भांडन लावून रायलो, भाऊ? मी त कागद आयकून रायलो."

मी पुढेही सही केली नाही. दोन वर्षं दादानं मला भाऊबीजेला बोलावलं नाही. दर भाऊबीजेला मी अकोल्यात बसून रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. तिसऱ्या वर्षी तो स्वतः दारात आला. विहिरीकडची पट्टी माझ्या नावावर झाली. ती कसतो तोच, पण झेंडू मला विचारून लावतो. वहिनी अजून तोंडदेखलंच बोलते.

गेल्या वर्षी कीर्तनकार गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत त्यांची थोरली बहीण बसली होती. मी कोण ते सांगितलं, वाडीचा किस्साही सांगितला. म्हातारी ऐकत राहिली, मग म्हणाली, "हे घर पाहून रायली का? आमच्या बाचं हाय. अर्धं मायं होतं. हा नवा नवा वकील झाला अन् कागद घिऊन आला. इथं सही कर म्हने. मी केली. काय लिहेल हाय ते ना मी इचारलं, ना त्यानं सांगतलं."

 आयुष्यभर दुसऱ्यांच्या बहिणींना वाचायला लावणाऱ्या त्या माणसाचा मला राग आला, चांगलाच आला.

"मंग पस्तावला," म्हातारी सांगत होती. "परत लिहून देतो म्हनून किती येळा आला. मी म्हनलं, राहू दे आता, तुये लेकरं कुठं जातीन? तरी येतच रायला." तिनं पदरानं डोळे पुसले. "चोर होता मेला. पन लहान होता मायापेक्षा. त्यानं पयले जायाचं नोतं."