चौदा इंची चाकांवर धुळे ते जळगाव

नळाचं पाणी भरून झालं होतं, तुळशीला घालून झालं होतं, दूध उतू जायच्या आत गॅस बारीक केला होता. तांदूळ निवडायला बसले आणि सूप अर्ध्यावर ठेवून उठले. अंगणात जाऊन गाडीवरचं कापड काढलं, गाडी पुसली, पुन्हा कापड घातलं. हे गेल्यापासून माझ्या सकाळी अशाच जात. हाताला काम असायचं, पण पाय एका जागी ठरत नसत.

त्या सकाळी मात्र सूप पुन्हा हातात घेतलंच नाही. धुळ्याला जायचं ठरवून टाकलं.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. माझी एकुलती एक लेक सुनीता धुळ्याला, देवपुरात दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. आमच्याकडे सातव्या महिन्यात लेकीला आणतात, आठव्यात तिला घराबाहेर काढत नाहीत. सातवा संपायला जेमतेम आठवडा उरला होता. या आठवड्यात ती आली नाही तर बाळंतपण तिकडेच होणार आणि मी जळगावच्या रिकाम्या घरात भिंतींकडे बघत बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

गाडी दारात होती, चालवताही येत होती. यांनीच हौसेने शिकवली होती. अडचण गाडीचीच होती. यांना वेगाचं वेड. सोळाशे सीसीची ती लाल गाडी यांनी नाशिकहून जुनी आणली, तिला मोठे ब्रेक बसवले आणि मुंबईहून पंधरा इंची रुंद चाकं आणली. रस्ता गुळगुळीत असला तर ती गाडी पाण्यासारखी जाई. खड्ड्यात मात्र मणके मोजून घ्यावेत असा दणका बसायचा.

मी शाळा सातवीतच सोडली. पुढचं सगळं हाताला लागेल ते वाचून शिकले. गाडीचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं होतं. त्यातून एक गोष्ट कळली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. मोठं चाक म्हणजे लोखंड जास्त आणि रबर कमी. चाक लहान घेतलं आणि टायर उंच कडेचा घेतला, तर बाहेरची उंची जवळपास तेवढीच राहते, पण रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये हवा जास्त येते. दणका ती हवा खाते.

म्हणून आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेल्या रफिकभाईंना तेरा इंची चाकं आणायला सांगितली. या गाडीला कंपनीने मुळात तीच दिलेली, टायरही जळगावात कुठेही मिळणारे. बोल्टांची भोकं जुळली. मागची चाकं बसली. पुढचं चाक मात्र यांनी बसवलेल्या मोठ्या ब्रेकवर जाऊन अडलं. आम्ही दोघांनी भोकं मोजली, टायर मोजले, ब्रेक कुणीच मोजला नव्हता.

"भाभी, ब्रेकपण जुनेच टाकून देऊ," रफिकभाई म्हणाले.

"लेक बसणार आहे त्यात. ब्रेक लहान नाही करायचे."

"मग हळू जा."

मधल्या मापाची, चौदा इंची चाकं जळगावात मिळाली नाहीत, म्हणून हळूच जायचं ठरवून मी जुन्याच चाकांवर निघाले.

आता तो रस्ता चौपदरी झालाय, तुम्ही दोन तासांच्या आत पोचाल. तेव्हा ट्रकमागे ट्रक असायचे आणि डांबराच्या कडा हातभर तुटलेल्या. पाळधी मागे पडेपर्यंत माझी बोटं स्टिअरिंगवर आखडली. एरंडोलला डबा उघडला. कळण्याची भाकरी आणि ठेचा, तेही गाडीला टेकून उभ्यानेच खाल्लं. बसवत नव्हतं. पारोळ्याला जरा वेळ काढा, किल्ला गावातच आहे. मी तो चालत्या गाडीतूनच पाहिला.

दुपारी देवपुरात पोचले. सुनीता दारात उभी. तिच्या मागे तिच्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. अक्कांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली.

"इहीनबाई, हाई गाडी शे का विमान?"

"गाडीच आहे, अक्का."

"मंग आधी मी बशीसन देखस. सूनबाई, तांब्या भरी आन."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. अक्का काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर धरून मागच्या सीटवर बसल्या. मला म्हणाल्या, पुलापर्यंत चला. पांझरेच्या पुलाकडचा रस्ता तेव्हा नुसता खडीचा होता. मी पहिल्या गिअरच्या वर गेले नाही. तरी परत आलो तेव्हा तांब्या अर्धा आणि अक्कांचं लुगडं ओलं.

"पोटमा पोर शे, इहीनबाई. तांब्या नही शे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. भाड्याच्या जीपचं मी विचारलं. जीप याहून वाईट, असं त्यांचं मत. खोटं नव्हतं ते.

रात्री शेवभाजी झणझणीत झाली होती, मी अर्धीच भाकरी खाल्ली. सुनीता हळूच म्हणाली, "आई, नाहीच जमलं तर राहू दे. तूच इकडे ये."

"विहिणीच्या घरी दोन महिने? त्या मला तांब्या घेऊन कुठे कुठे बसवतील."

ती हसली. मला हसू आलं नाही.

धुळ्यात दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे अपघाताच्या गाड्यांचं सामान तिथे फार येतं. सकाळी आग्रा रोडवरच्या एका भंगारवाल्याकडे गेले. ढेरपोटा, दाढी वाढलेला माणूस खाटेवर चहा पीत होता.

"चौदा इंची आहेत?"

"ताई, साहेब कुठे आहेत?"

"नाहीत. चाकं आहेत का?"

तो उठला. एका चेपलेल्या गाडीची चार चाकं निघाली, टायर नवे म्हणावेत असे. किंमत सांगायच्या आधी मी म्हटलं, "आधी पुढचं चाक चढवा. मागची नंतर."

"लोक मागून सुरुवात करतात."

"मीही केली होती."

चाक चढलं. ब्रेक आणि लोखंड यांच्यामध्ये माझं एक बोट जेमतेम गेलं. मी चाक हाताने फिरवलं, कान लावून ऐकलं, मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुन्हा फिरवलं. कुठेच घासलं नाही.

"ताई, मला नोकरीला ठेवता का?" तो म्हणाला.

जुनी चाकं डिकीत ठेवली तर लेकीचं सामान मावणार नव्हतं. तो बदल्यात घ्यायला तयार होता, वर मला थोडेच पैसे भरावे लागणार होते. यांनी ती चाकं दर रविवारी दात घासायच्या ब्रशने घासलेली. मी हो म्हणाले. फक्त सांगितलं, "मी इथून जाईपर्यंत कुणाला दाखवू नका." त्याने काही न विचारता त्यांच्यावर गोणपाट टाकलं.

घरी आले तर अक्का तांब्या घेऊन ओट्यावरच बसलेल्या. पुन्हा पूल, पुन्हा खडी. माझं लक्ष रस्त्यापेक्षा आरशातच जास्त. गाडी थांबवली. अक्कांनी लुगड्यावरून हात फिरवला.

"थोडं सांडनं," त्या म्हणाल्या.

मी चावी काढली.

"इतलं ते मन्हा हातनं बी सांडस." त्यांनी उरलेलं पाणी तिथेच पिऊन टाकलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. "सूनबाईले ल्हई जा. हळू जाज्या."

सुनीता मागे उशी घेऊन आडवी झाली. फागण्याच्या पुढे तिला झोप लागली. गाडी वळणावर आता थोडी कलायची, स्टिअरिंग हलकं झालं होतं, ट्रकला मागे टाकताना पूर्वीची ती उसळी नव्हती. हे असते तर म्हणाले असते, माझ्या घोड्याचा बैल केलास. मी मनातच उत्तर दिलं, मागे बघा कोण झोपलंय. पारोळ्याला चहाला थांबले, सुनीताला उठवलं नाही. एकटीने चहा घेतला आणि पुरा कप संपेपर्यंत बाकावर बसून राहिले.

जळगावला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. हा प्रवास काही फार लांबचा नाही. कुणी विचारलं काय पाहिलं, तर सांगण्यासारखा एक किल्ला, तोही ओझरता. पण त्या रस्त्यावर यांची गाडी माझी झाली, आणि त्यासाठी त्यांचं काहीतरी मागे ठेवावं लागलं. ते ठेवल्याचं दुःख आजही आहे. पश्चात्ताप नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला दवाखान्यात नेलं आणि बाळंतपणासाठी तिचं नाव घातलं.