नौकाविहाराचा धिक्कार करणाऱ्यांस जाहीर उत्तर

सुज्ञ मित्रहो, आज सकाळी हॅमिल्टनच्या आमच्या शांत गृहात एका छायाचित्रावरून धर्मयुद्ध पेटले.

माझी कन्या मुक्ता केंब्रिजला शिकते. परीक्षा संपली, की तेथील विद्यार्थी सपाट होडीत उभे राहून लांब काठीने नदीचा तळ रेटत विहार करतात. काठी चिखलात रुतली, तर ती तत्काळ सोडावी, असा तेथील शिरस्ता. मुक्ताने सोडली नाही. होडी पुढे गेली आणि कन्यारत्न नदीच्या मध्यभागी काठीला लटकले. ते छायाचित्र तिने स्वतःच फेसबुकवर टाकले.

लगेच आमच्या येथील मराठी मंडळातील ज्येष्ठ डॉक्टरकाकांचा फोन आला. "अरे, पोरगी शिकायला गेलीय की होड्या हाकायला? उद्या स्थळं बघशील, तेव्हा हेच फोटो निघतील. डिलीट करायला सांग!"

काकांनी तिलाही मेसेज केला होता. तिचा फोन आला. "बाबा, शुड आय टेक इट डाउन?"

एरवी घर डोक्यावर घेणारी मुलगी इतक्या खालच्या आवाजात बोलली, की माझे मस्तक तापले.

"खबरदार! पण काठी का नाही सोडलीस गं?"

"आय थॉट आय हॅड इट, बाबा. वाटलं, निघेल."

तर मित्रहो, अस्मादिकांनी तेच छायाचित्र स्वतःच्या प्रोफाइलवर विधिवत प्रतिष्ठापित केले आहे. रविवारी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणून होणाऱ्या सहभोजनाला, त्याची मोठी प्रत घेऊन येईन. काकांच्या शेजारीच बसेन.

ज्यांची अपत्ये आजवर एकदाही पाण्यात पडली नाहीत, त्यांनी खाली निःसंकोच आक्षेप नोंदवावा. आहे कोणी?