झोप येईल असा चहा

मंगळवारी दुपारी माझा नवरा गेला.

त्यानंतर नवीन पनवेलच्या आमच्या घरी लोक भेटायला येऊ लागले. आलेल्याला चहा विचारायचा असतो. तो "नको, अर्धाच" म्हणतो, आणि त्याला एकट्याला प्यायचा संकोच वाटू नये म्हणून घरच्यांनीही घोटभर घ्यायचा असतो. तेरावं उलटलं तरी सासूबाई आणि मी सगळ्यांना अशी सोबत करत होतो. रात्री दोघींच्या छातीत धडधडायचं, झोप यायची नाही. ते दुःखानेच होतंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दिवसाला चहा किती?"

सासूबाई बोटं मोजू लागल्या. एक हात संपवून दुसऱ्यावर गेल्या तेव्हा डॉक्टरांनी हात वर केला. "दुःख आहेच. पण एवढ्या चहावर मलाही झोप लागणार नाही."

धाकट्या दिरांनी फोनवर सांगून टाकलं, "वहिनी, आईची झोप सुधारली नाही तर मी तिला माझ्याकडे रोडपालीला घेऊन जातो." त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्याकडे नातवंडं होती, गलबला होता. माझ्याकडे पुस्तकं होती आणि सासूबाई होत्या. पुस्तकं कुठे जाणार नव्हती.

मग मी कमी कॅफीनच्या चहांबद्दल वाचायला बसले. वाचून झालं की मागवायचं आणि उकळायचं. सासूबाई कप नाकाशी नेत आणि निकाल देत. कॅमोमाइलच्या फुलांच्या चहाला म्हणाल्या, "निर्माल्य उकळलंस का गं?" जास्वंदीच्या चहाला, "सरबताला ताप आलाय." जपानी पद्धतीच्या भाजलेल्या पानांना, "यात कुणी विडी विझवली?" गवती चहा आणि आलं पुढे ठेवलं तेव्हा त्या चिडल्याच. "हे सर्दीचं. मला सर्दी नाही झालेली, माझा मुलगा गेलाय."

मी गाळणं ओट्यावर ठेवलं. मग त्यांच्या तोंडातून फुर्रकन हसू फुटलं. पाठोपाठ माझ्या. ओट्याला धरून आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि ते पाणी कशाचं होतं याची चौकशी केली नाही.

त्यानंतर आम्ही बिघडलोच. दुःखाच्या घरी चहाला कुणी नावं ठेवत नाही, हे सासूबाईंच्या लक्षात आलं, आणि उरलेली पाकिटं भेटायला येणाऱ्यांवर खपू लागली. यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ आले होते. सासूबाईंनी सवयीने जास्वंदीत दूध घातलं. ते फाटलं. गृहस्थांनी गुठळ्यांसकट कप संपवला आणि म्हणाले, "वेगळा आहे. छान आहे." दार लागेपर्यंत मी कशी थांबले मलाच ठाऊक. सासूबाई पदर तोंडात कोंबून देवघरात पळाल्या होत्या.

एका सकाळी खिडकीत उभ्या असताना त्या म्हणाल्या, "अगं, तो टाकळा ना?" मागच्या मोकळ्या प्लॉटवर पावसाळ्यात माजलेला टाकळा आता वाळून उभा होता. त्यांच्या माहेरी, उरणकडे, चहापत्ती परवडत नसे तेव्हा टाकळ्याच्या बिया भाजून, कुटून, उकळून पीत. "रंग येतो. दूधही चालतं." मग काय, पिशवी घेऊन आम्ही त्या प्लॉटवर शेंगा तोडत होतो.

वॉचमनने हटकलं. "आज्जी, काय हरवलंय?"

"झोप," सासूबाई म्हणाल्या. "दिसली तर सांग."

पहिला घाणा करपला. घरभर असा धूर झाला की शेजारीण धावत आली. तिला कॅमोमाइल मिळालं. दुसरा घाणा जमला. बिया तडतडल्या, कॉफीसारखा खमंग वास सुटला. सुंठ, वेलची, दूध, साखर. सासूबाईंनी घोट घेतला. निकाल आला नाही. कपच पुढे आला, "अजून."

रविवारी दीर रिकामी बॅग घेऊन आले. सासूबाईंनी त्यांच्या हातात कप दिला. ते प्यायले, कपात बघत राहिले.

"चहा बदललात का?"

"बरा नाही?"

"बरा आहे. आई, काल रात्री झोपलीस का?"

"मला काय माहीत? मी झोपले होते."

दीर हसले, यांच्यासारखेच, मान मागे टाकून. मला क्षणभर दुसरीकडे बघावं लागलं. जाताना त्यांनी त्याच बॅगेतून टाकळ्याची पूड नेली, बायकोसाठी.

आता भेटायला येणारे कमी झाले आहेत. घरात आम्ही दोघी आहोत. चार वाजता टाकळ्याचा चहा होतो. बहुतेक रात्री झोप लागते.