बारका तुझा, मोठी माझी

पिंप्राळ्यातल्या त्या दोन खोल्या सोडून आम्हाला बरीच वर्षं झाली. तरी रिक्षा त्या गल्लीवरून गेली की मी मान वळवून मोरीची खिडकी बघतेच. मुलं विचारतात, "आई, काय आहे तिकडे?" मी म्हणते, "काही नाही." एवढं सगळं रिक्षात कसं सांगायचं?

मी कुडाळकडची. आठवीत शाळा सुटली, काजूच्या कारखान्यात बसायला लागले आणि लग्न होऊन एकदम जळगावला आले. नवरा चटईच्या कारखान्यात मशीनवर. बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलं होतं, पण मुलं थांबली नाहीत. ऐन मे महिन्यात, वेळेच्या खूप आधी जुळी झाली. मुलगी त्यातल्या त्यात धड होती. मुलगा मात्र एवढासा, की त्याला उचलताना आपल्या हातात नुसतं दुपटंच आहे असं वाटायचं. आई धावत आली, दवाखान्यात माझ्यापाशी राहिली, आणि वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून फोन आला तशी परत निघाली. जाताना म्हणाली, "गो बाय, एकटीक तुका जमाचा नाय. कोण तरी बाई बघ."

बाई बघितली शेजारच्या अक्कांनी. धुळ्याला त्यांची मामेबहीण होती, लोकांची बाळंतपणं करायची. ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि आत यायच्या आधीच तिने अट घातली. "माझ्या पोरीचे दिवस भरत आलेत. तिचा फोन आला की मी निघेन. तेव्हा थांबा म्हणायचं नाही."

मी मान हलवली. मला फक्त एवढंच हवं होतं, की या बाईने मुलाला ताब्यात घ्यावं. मला त्याची फार भीती वाटायची. तो दूध ओढताना मधेच थांबायचा, आणि तो थांबला की माझाही श्वास थांबायचा. मुलीचं मी कसंही केलं असतं. मावशींनी दोघांकडे नीट पाहिलं, हात धुतले आणि मुलीला उचललं.

"ही माझी. बारका तुझा."

"मावशी, मला भीती वाटते त्याची."

"वाटू दे. पण घे."

मला वाटलं, सोपं काम घेतलं बाईने. नवऱ्याला हळूच सांगितलं, तर तो म्हणाला, "तू बोल ना." माझ्याने कुठलं बोलणं होतंय! शेवटी अक्काच बोलल्या, "काय वं, हलकं काम उचललंस?"

"हलकं? उचली देख! दगड शे दगड!" मावशींनी मुलगीच त्यांच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला कोणीही सांभाळेल. त्याला तूच लागणार."

डॉक्टरांनीही त्याला अंगाशी धरून ठेवायला सांगितलंच होतं. मावशींनी जुन्या मऊ लुगड्याने त्याला माझ्या छातीशी बांधलं आणि मी दिवसभर तशीच. बाहेर पत्रा तापलेला, आत बाजेखाली मावशींची शेगडी. घामाने मी निथळत होते. म्हटलं, "मावशी, या उन्हात शेगडी?" तर म्हणाल्या, "कोकणातून आलीस ना, आधी वाळवू दे तुला."

हळूहळू तो मला कळायला लागला. ओठ कसे करतो, कुठल्या कुशीला बरं वाटतं, तळपाय गार पडले की काय हवं असतं. दवाखान्यात वजन भरलं त्या दिवशी मी रिक्षात बसून रडले आणि नवरा रिक्षावाल्याला सांगत बसला, की चांगलंच झालंय, वाईट काही नाही.

या सगळ्यात मुलगी माझ्याकडे फक्त दूध प्यायला यायची. पाहुण्यासारखी यायची आणि परत जायची. मावशी मोरीत पाय पसरून तिला पायावर घ्यायच्या, तेल जिरवायच्या आणि अंघोळ होईपर्यंत रागवत राहायच्या. एरवी माझ्याशी मराठी, पण पोरीला रागवायचं तर खानदेशीच. "बठ्ठं पानी सांडी दिन्हं! तुनी माय काय म्हनी?" आणि पोरगी डोळे मोठे करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. मी बाजेवरून बघायचे. मला बरं वाटायचं, की निदान तिची काळजी नाही.

मग एका सकाळी धुळ्याहून फोन आला. मावशींच्या लेकीच्या कळा सुरू झाल्या होत्या. इकडे मुलीला तेल लावून झालेलं, पाणी तापलेलं. नवरा पाळीला गेलेला, अक्का लग्नाला भुसावळला. मावशींनी हात पुसले, मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं, मुलाच्या कपाळाला बोट लावलं आणि पिशवी उचलली. थांबा म्हणायचं नव्हतं. मी म्हटलं नाही.

मुलगा पाळण्यात झोपला होता. मी पाटावर बसले, पाय पसरले, मुलीला पायावर घेतलं, आणि ती जी किंचाळली! ओरडून लालभडक झाली. तेलाने बुळबुळीत झालेली, मासोळीसारखी हातातून निसटायला बघत होती. मुलाला मी डोळे मिटून पुसलं असतं, पण ही धडधाकट पोर मला धरता येईना. तिची मान किती जड असते, हेही मला माहीत नव्हतं. मला वाटलं, ही माझ्या हातून पडणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, हिला मी नकोच आहे.

तेवढ्यात फोन वाजला. मोरीच्या उंबऱ्यावरच ठेवला होता, कोपराने चालू केला. मावशी नुकत्याच धुळ्याच्या गाडीत चढल्या होत्या.

"रडतेय ना?"

"मावशी, पडेल हो ही!"

"पडत नाही. तू गप्प का? बोल तिच्याशी. रागव."

"मला तुमचं बोलणं कुठे येतं?"

"मग तिला तरी कुठे येतं!"

कंडक्टरची बेल ऐकू आली आणि फोन बंद झाला.

मी घसा साफ केला. "बठ्ठं पानी सांडी दिन्हं," म्हटलं. माझ्या तोंडून ते इतकं वेडंवाकडं आलं, की मावशी पोट धरून हसल्या असत्या. पोरगी दचकली. गप्प झाली. मी आणखी एक वाक्य म्हटलं, मग खानदेशी संपली. आता काय? "काय गो, काय बघतंस अशी?" हे माझं, घरचं. ती बघतच राहिली, माझ्या तोंडाकडे. एक हात मानेखाली ठेवून मी दुसऱ्याने तांब्या घेतला आणि आई मला जसं बोलायची तसं सगळं बोलून घेतलं, डोक्यापासून टाचेपर्यंत. अंघोळ झाली. दोघी भिजलो होतो.

संध्याकाळी मावशींचा फोन आला. नात झाली होती, दोघी सुखरूप. "मला आता सव्वा महिना तरी येता यायचं नाही. जावेला पाठवू का?"

मी विचार न करताच म्हटलं, "नको." फोन ठेवल्यावर घाबरले, हे काय बोलून बसले! लगेच परत लावला. "मावशी, कामाला नको, पण तुम्ही या. अशाच या."

"येईन. पण मग एक लंगोट धुणार नाही, आत्ताच सांगते."

त्या आल्या तेव्हा थंडी पडायला लागली होती. मुलगी बसायला शिकली होती. मावशींनी दारातूनच हात पसरले, "ये वं मनी माय!" पोरीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, ओठ काढला, आणि वळून माझ्या मानेत तोंड खुपसलं. दोन्ही मुठींनी माझा पदर धरून ठेवला. मला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी, खरं सांगते, आतून इतकं बरं वाटलं, की तेही लपवता येईना.

"अक्का, देख वं!" मावशी भिंतीपलीकडे ओरडल्या. "वळखत बी नही माले!" हसत होत्या. पदराने डोळे पुसत मग बाजेवर बसल्या आणि मुलीकडे न बघता, तिला सवय व्हावी म्हणून, नुसत्या माझ्याशी बोलत राहिल्या.